जर-तरच्या चाली

७ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. आज कार्ड नाही, पाकीट आहे, हे बघूनच तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. पडू द्या.

आपले नियम मला पाठ आहेत. लग्न ठरवायला तुमच्या घरी आलो तेव्हा बोलणी राहिली बाजूला, आणि तुम्ही मला प्यादं कसं चालतं ते शिकवत बसलात. उठताना म्हणालात, "आता पोस्टानं खेळू. एका कार्डावर एक चाल. लिहिलेली चाल परत नाही. आणि घरातली गोष्ट कार्डावर नाही." इतकी वर्षं पाळलं. तुमचा मुलगा, माझा जावई, गेला, त्या महिन्यातसुद्धा तुमच्या कार्डावर फक्त "हत्ती एक घर डावीकडे" एवढंच होतं. मी ते कार्ड हातात धरून दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक काटा घेऊन समोर उभं, आणि मी हत्तीकडे बघतोय.

आधी डाव. माझा घोडा तुमचं मधलं प्यादं मारतो. म्हणजे मी एका प्याद्यानं वर. जन्मात पहिल्यांदा! पेढे बिढे वाटत नाही, तुमचा भरवसा नाही. पण गेल्या कार्डाखाली तुम्ही पट काढून पाठवलात, त्यात तुमचे दोन्ही उंट पांढऱ्या घरांत उभे आहेत. अहो, एक पांढऱ्यातला, एक काळ्यातला, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत. उंटानं रंग बदलला की काय? उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला माणूस तुम्ही, म्हणून हसलो.

आता घरातली गोष्ट. समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात आमच्या लेकीला बोलावणं आलंय. कान तपासायचा अख्खा विभाग तिच्या हाती देतायत. तिच्याबरोबर काम करणारा तो दातांचा डॉक्टर तिकडेच चाललाय आणि त्यानं तिला लग्नाचं विचारलंय, हेही मला कळलं. तिनं सांगितलं नाही. ती "त्याचं काय एवढं" म्हणाली, आणि म्हणायच्या आधी जेवढी थांबली तेवढ्यात मला कळलं. माझे कान काट्याची सुई घासली तरी ऐकतात.

जूनअखेर उत्तर द्यायचंय. ती म्हणते, "बघू, बाबांना विचारते." बाबा म्हणजे तुम्ही. मी नुसता अप्पा. तर बाबा, काय ते उत्तर द्या.

तुमचा,
काटेवाला


१८ फेब्रुवारी

काटेवाले,

नमस्कार. उंटाची चूक शाईची. दिवा मंद होता.

प्यादं घेतलंत, छान. आता माझा वजीर तुमच्या वजिराला मारतो. तुम्हांला तो परत मारावाच लागेल, दुसरी चाल नाही. अशा वेळी दोन कार्डं वाया घालवण्यात अर्थ नसतो. म्हणून जर-तरची चाल देतो, ती शिकून ठेवा: जर तुम्ही प्याद्यानं मारलंत, तर माझा हत्ती मोकळ्या रांगेत. जर हत्तीनं मारलंत, तर माझा राजा एक घर पुढे. समोरचा काय करील हे पक्कं ठाऊक असेल तेव्हाच जर-तर द्यावं. एकदा दिलं की ते बंधनकारक.

सूनबाईला मी अडवलेलं नाही. घरातली गोष्ट कार्डावर नको, हा नियम पाकिटालाही लागू आहे.

तुमचा व्याही


२ एप्रिल

व्याहीबुवा,

मी प्याद्यानं मारला, तुमचा हत्ती आला, त्याचीही मारामारी झाली, परवा उंट गेले. दीड महिन्यात पट असा रिकामा झालाय की दोन राजांना एकमेकांचं तोंड बघण्यावाचून काम नाही.

मी अडाणी, पण विसरभोळा नाही. तुम्हीच शिकवलंत: वर असाल तर मोहरे मारून मोकळे व्हा, म्हणजे शेवटी ते एक जादा प्यादं बोलायला लागतं. मागे असाल तर मोहरे जपा, गुंता वाढवा, गुंत्यात समोरचा चुकतो. आणि तुम्ही मागे असून मारत सुटलायत! मला कंटाळलात का? तसं असेल तर राजा आडवा करा आणि सुटा. हे असं घाईनं आवरणं म्हणजे पाहुण्यासमोर झाडू मारणं झालं.

दुसरं. लेकीचा काल फोन. नाही म्हणणार म्हणाली. मी विचारलं, का? "बाबांचं कोण बघणार?" ती गेली असती हो, व्याहीबुवा. आवाजात जायचं होतं. मी ऐकलं.

तुम्ही म्हणता अडवलेलं नाही. खरं असेल. दरवाजा उघडाच आहे. पण मोहरा जखडणं तुम्हीच मला समजावलंत ना? मोहऱ्याला कुणी बांधत नाही. तो फक्त आपल्या राजाच्या आणि समोरच्याच्या हत्तीच्या मध्ये उभा असतो. तो हलला की राजाला शह, म्हणून तो हलतच नाही. माझी लेक तुमच्या घरात तशी उभी आहे. तिच्या पाठीमागे राजा म्हणून तुम्ही बसलायत आणि चहा पिताय.

तिचं वय काय, सांगायला हवं का? नवरा गेला म्हणून तिनं सासऱ्याचे मोजे वाळत घालत म्हातारं व्हायचं?

कडक लिहिलं. लिहिलेली चाल परत नाही.

काटेवाला


१२ एप्रिल

काटेवाले,

पत्र पोचलं. सूनबाई कामावर गेली असताना वाचलं आणि फाडलं.

जखडलेल्या मोहऱ्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत, अर्धंच सांगितलंत. तो मोहरा स्वतः सुटू शकत नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नसतो, हत्तीवरही नसतो. राजानं बाजूला व्हायचं असतं.

मी बघतो. मला मेअखेरपर्यंत वेळ द्या.

तुमचा व्याही


३० मे

व्याहीबुवा,

तुमचं परवाचं कार्ड समोर आहे. "घोडा मध्यावर, दोन्हीकडे नजर ठेवून." अक्षर नेहमीसारखं, रेघ ओढल्यागत सरळ.

कुठला घोडा?

तुमचे दोन्ही घोडे मार्चातच पडले. मी डबीत हात घालून बघितले, आहेत दोन्ही. मग मी पट तसाच ठेवला, दुकान पोऱ्यावर टाकलं आणि तुमची यंदाची सगळी कार्डं काढून बसलो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. स्प्रिंगवाल्या काट्याची स्प्रिंग थकली की तो हलका माल बरोबर दाखवतो, जड ठेवला की फसतो. दुकानदार दुरुस्तीला आणत नाही. कारण आणला की चारचौघांत कळणार. तो काय करतो, त्या काट्यावर हलकाच माल तोलतो. वेलची, लवंगा. जड गिऱ्हाईक आलं की म्हणतो, "आज साठा नाही." वर्षानुवर्षं चालतं. मी दुकानात शिरलो की काटा न बघता ओळखतो, दुकानदार काय काय तोलायचं टाळतोय त्यावरून.

तुम्ही पट हलका करत होतात. मी समजलो घाई आहे, समजलो मला टाळताय, समजलो लेकीवरून रागावलात. तसलं काही नव्हतं. इतके मोहरे डोक्यात धरवेनात, म्हणून एकेक करून काढून टाकत होतात. वजीर, हत्ती, उंट. आणि तरी एक घोडा राहिलाच डोक्यात.

माझं चुकलं असेल तर मला शिव्या द्या, मी त्या फ्रेम करून लावीन. नसेल चुकलं तर खरं सांगा. लेकीला यातलं काही ठाऊक आहे?

काटेवाला


१० जून

काटेवाले,

तुमचं चुकलेलं नाही. हे सकाळी लिहितो आहे, सकाळ बरी असते. कालपासून तीनदा लिहून काढलं.

डॉक्टरांनी गेल्या थंडीत सांगितलं. हे मागे फिरत नाही म्हणाले, हळू जाईल की भरभर एवढंच अनिश्चित. पट हलका करण्याचं तुम्ही ओळखाल असं वाटलं नव्हतं. शिष्य म्हणून तुमच्याकडून तेवढी अपेक्षा नव्हती, माफ करा.

सूनबाईला ठाऊक नाही. तिच्यासमोर मी कमी बोलतो, पेपर धरून बसतो. तिला वाटतं मी दुःखी आहे. दुःखी माणसाला फार प्रश्न कुणी विचारत नाही, त्याचा फायदा घेतो. गेल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि डावीकडे की उजवीकडे कळेना. ओळखीच्या न्हाव्यानं विचारलं, "काय साहेब, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, हो, वाट बघतोय. खोटं नव्हतं.

तिला हे कळलं तर ती जाणार नाही. तुम्ही तिचे वडील आहात, पण मुलगा गेल्यापासून दोन वर्षं मी तिला रोज पाहिलं आहे. ती माझं करील, उत्तम करील, आणि मी एक दिवस तिलाच विचारीन, "बाई, आपण कोण?" त्या दिवसासाठी मी तिचं आयुष्य घेणार नाही. मुलगा गेला तेव्हा त्यानं मला काही सांगितलं नाही, सांगायला वेळच मिळाला नाही. सांगता आलं असतं तर हेच सांगितलं असतं, असं मी धरून चालतो.

म्हणून राजा बाजूला होतो. मी तिला काल म्हटलं, मला या घरात करमत नाही, तुझ्या अप्पांकडे जाऊन राहतो, समोरासमोर डाव खेळू. ती बघतच राहिली. मग रडली, मग म्हणाली, "तुम्ही दोघं एका घरात? भांडून मराल." बऱ्याच दिवसांनी हसली. तिकडे होकार कळवते आहे.

तुम्हांला न विचारता तुमचं घर दिलं, हा गुन्हा कबूल. नको असेल तर आत्ता सांगा. अशा माणसांसाठी जागा असतात, एक पाहून ठेवली आहे, भिंती स्वच्छ आहेत.

हो म्हणत असाल तर तिला कळू द्यायचं नाही, निदान ती तिथे रुजेपर्यंत. फोनवर मी पूर्वीपासून येत नाही, त्याचं तिला नवल वाटणार नाही. पत्रं येतील, तिच्या पत्रांना उत्तरं लागतील. ती आजच देऊन ठेवतो, कारण नंतर माझ्याकडे ती नसतील. हे जर-तर आहे, काटेवाले, बंधनकारक आहे.

जर तिनं विचारलं, त्या डॉक्टरला हो म्हणू का, तर माझं उत्तर: हो म्हण, उशीर करू नकोस. जर ती म्हणाली, परत येते, तर: तिथली निदान दोन वर्षं पुरी कर, अर्धवट काम मला आवडत नाही. जर विचारलं, माझ्यावर रागावलात का, तर: तुझ्यावर रागवायचं मला जमलेलं नाही, भातात खडा निघाला तेव्हासुद्धा. जर विचारलं, त्याची आठवण येते का, तर: रोज. हे उत्तर तेव्हा खरं नसलं तरी द्या. आज ते खरं आहे.

डावात माझी चाल: घोड्याची चाल रद्द समजा. नियम मोडतो आहे. राजा एक घर पुढे.

तुमचा व्याही


२२ जून

व्याहीबुवा,

या.

लिहायला बसलो तेव्हा पुष्कळ होतं. ती आम्हांला कधी माफ करणार नाही, हे होतं. मी बाप असून तिच्याशी खोटं बोलू का, हेही होतं. लेक सुटावी म्हणून मी तुम्हांला वाट्टेल ते बोललो. आता सुटली, आणि कशानं सुटली ते बघून तोंडाची चवच गेली. एका पारड्यात ठेवलं की दुसरं वर जातं, त्यात पारड्याची चूक नसते, हे गिऱ्हाइकांना सांगायला सोपं.

पलंग माझ्या खोलीतच टाकतो. दाराला आतून कडी नाही, बाहेरूनही नाही, एक घंटी लावतो. मला झोपेतही ऐकू येतं. जागा-बिगा बघू नका, स्वच्छ भिंती माझ्याकडे नसल्या तरी पट आहे.

डावाचं मात्र बोलायलाच हवं. आता दोन राजे आणि माझं ते जादा प्यादं राहिलंय, तेही अगदी कडेचं. कडेच्या प्याद्याचा धडा तुम्ही मला पहिल्या वर्षी दिलात. समोरच्या राजानं पुढचा कोपरा धरला की संपलं, जन्मभर ढकललं तरी त्याचा वजीर होत नाही, डाव बरोबरीत. तुमच्या राजाला कोपरा दोन पावलांवर होता. काल कार्ड आलं. तुमचा राजा कोपऱ्याकडे पाठ करून पटाच्या दुसऱ्या टोकाला निघालाय.

म्हणजे मी जिंकलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उठून बायकोच्या तसबिरीपुढे उभा राहिलो, आणि तिलासुद्धा सांगवेना.

लेकीचा काल फोन होता. निघायच्या गडबडीत, दम लागलेला. म्हणाली, "अप्पा, डावाचं काय झालं? बाबा हल्ली सांगतच नाहीत." मी म्हटलं, काय होणार, हरलो. म्हणाली, "मग ठीक आहेत बाबा." आणि सामान बांधायला गेली.

काटेवाला


३ नोव्हेंबर

प्रिय अप्पा,

इथे सूर्य लवकर मावळतो आणि माणसं हळू बोलतात. माझ्याकडे येणाऱ्यांना वाटतं आपल्याला ऐकू येत नाही, निम्म्यांना तसं काही नसतं, घरात कुणी बोलतच नसतं. विभाग मोठा आहे. पहिले दोन महिने रोज रात्री परत यावंसं वाटे. बाबांनी तुमच्या पत्रातून "अर्धवट काम मला आवडत नाही" असं कळवलं तेव्हा त्यांचा आवाजच ऐकू आला आणि थांबले.

पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. कचेरीत, दोन साक्षीदार. "उशीर करू नकोस" हे बाबांचं वाक्य त्याला वाचून दाखवलं. त्याला भरून आलं. दातांचा डॉक्टर रडताना फार विनोदी दिसतो, अप्पा.

बाबांना स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायला सांगा ना. हात थरथरतो म्हणता, तर थरथरत्या लिहू देत.

आणि एक विचारायचंय. हे फक्त बाबांनाच विचारा, तुम्ही मधे उत्तर देऊ नका. नव्या घरात भिंती मोकळ्या आहेत. त्याचा फोटो लावू का? नवा माणूस म्हणतो, जरूर लाव. पण मला कळत नाही. बाबांना वाईट वाटेल का, की दुसऱ्याच्या घरात आपला मुलगा असा टांगलेला? की न लावल्याचं वाटेल? मला विचारायला दुसरं कुणी नाही. सोबत फोटो पाठवतेय, लग्नाआधीचा, बाबांकडे हा नसेल. ते जे म्हणतील तसं करीन.

तुमची,
पोर


१९ नोव्हेंबर

प्रिय पोरी,

पत्र आलं. दातांच्या डॉक्टरला सांग, बायकोसमोर आत्ताच रडून घे म्हणावं, पुढे सवड मिळत नाही.

आम्ही मजेत. भांडून मेलो नाही अजून. सकाळी उठले की बाबा पट मांडतात, हल्ली काळ्यापांढऱ्या सोंगट्या मिसळून मांडतात. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "भांडण कशाला?" बिनतोड आहे. डाव म्हणशील तर तुझ्या अप्पाचं ग्रहण सुटलेलं नाही. कालही माझं एक प्यादं जास्त होतं, तर त्यांनी राजा नेऊन कोपऱ्यात बसवला, बस ढकलत जन्मभर! दुपारी आम्ही नाक्यापर्यंत फिरून येतो. ते माझा हात धरतात, मला गुडघ्याचा त्रास आहे ना, म्हणून.

लिहायचं त्यांना मी सांगितलं. पेन हातात घेतलं, कागदावर एक सरळ रेघ ओढली, पट्टी न लावता, आणि फार समाधानानं मला दाखवली. तो कागद सोबत पाठवतोय. तुला पत्राऐवजी रेघ मिळाली तर चालेल ना? नकाशेवाल्याची आहे, जपून ठेव.

तुझा प्रश्न मी विचारला. मधे उत्तर देऊ नका म्हणालीस म्हणून मी काही बोललो नाही. याला काय म्हणतील ते त्यांनी मला आधी कधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मलाही ऐकायचं होतं. खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि फोटो हातात दिला. फार वेळ बघत राहिले. काचेवरची असते तशी धूळ बोटानं पुसली, तो तर नुसता कागद होता. मग मी विचारलं, "व्याहीबुवा, पोर विचारते, हा भिंतीवर लावू का?"

त्यांनी मान वर केली. म्हणाले, "किती चांगला दिसतो हो हा मुलगा. लावू दे की तिला."

हे शब्द त्यांचेच आहेत, पोरी. जसेच्या तसे लिहिलेत, एकही बदललेला नाही.

तुझा,
अप्पा